दिवस पाळला, दाम टाळला

अमेरिकेत 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा महिना. राष्ट्राध्यक्षांचं घोषणापत्र निघतं, शाळांच्या फळ्यांवर मेक्सिको, क्युबा, ग्वातेमालाची निशाणं लागतात, कचेऱ्यांत भाषणं होतात. याच महिन्याच्या पोटात 2023 पासून सलग तीन वर्षं आणखी एक दिवस पडला. 2023ला 5 ऑक्टोबर, 2024ला 3 ऑक्टोबर, 2025ला 8 ऑक्टोबर. त्याचं नाव लॅटिना समान वेतन दिन. लॅटिना म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाची बाई. हा दिवस कुठल्या राष्ट्राध्यक्षानं दिलेला नाही. महिला आणि कामगार संघटनांनी तो त्रैराशिक मांडून काढला.

त्रैराशिक शाळकरी पोराला जमेल असं आहे. वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्या गोऱ्या पुरुषाला जिथं एक डॉलर मिळतो, तिथं तशीच पूर्णवेळ राबणाऱ्या लॅटिनाच्या हातावर 57-58 सेंट पडतात. म्हणजे त्यानं बारा महिन्यांत मिळवलं, तेवढं मिळवायला हिला जवळजवळ एकवीस महिने लागतात. गेलं अख्खं वर्ष आणि शिवाय या वर्षाचे नऊ महिने. तिथं कुठं बरोबरी होते. ज्या दिवशी होते, ती तारीख. अर्धवेळ आणि हंगामी काम करणाऱ्या बायका हिशेबात धरल्या की आकडा आणखी घसरतो आणि डॉलरमागं निम्म्याच्या आसपास येतो.

त्या महिन्यातला सगळ्यात प्रामाणिक दिवस मला विचाराल तर हाच. तो मागंपुढं सरकतो, कारण मजुरी मागंपुढं सरकते. बाकीचे दिवस जागचे हलत नाहीत.

सरकारी दिवस कसे दिले जातात, ते डोलोरेस हुएर्तांच्या बाबतीत नीट दिसतं. जन्म 10 एप्रिल 1930चा, न्यू मेक्सिकोतल्या डॉसन या खाणगावातला. वाढल्या कॅलिफोर्नियात, स्टॉकटनमध्ये. आईचं सत्तर खोल्यांचं हॉटेल होतं. शेतमजुरांकडून ती कमी भाडं घ्यायची, कधी घ्यायचीच नाही. डोलोरेस शिक्षिका झाल्या. वर्गात मजुरांची मुलं उपाशीपोटी, अनवाणी यायची. अशा मुलांना शिकवत बसण्यापेक्षा त्यांच्या आईबापांची संघटना बांधलेली बरी, असं ठरवून त्यांनी नोकरी सोडली. 1962 मध्ये शेतमजुरांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. घरी मुलं होती, पुढं एकूण अकरा झाली.

डेलानोचा द्राक्षसंप 8 सप्टेंबर 1965ला फिलिपिनो मजुरांनी सुरू केला. मेक्सिकन मजूर 16 सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, गावातल्या चर्चमध्ये जमले आणि तेही संपात उतरले. पाच वर्षं संप चालला. अमेरिकेतल्या लाखो घरांनी द्राक्षं आणणं बंद केलं. न्यूयॉर्कमध्ये राहून तिथला बहिष्कार उभा केला तो हुएर्तांनी, आणि बागायतदारांसमोर टेबलाशी बसून करारातलं कलमन् कलम ठरवलं तेही त्यांनीच. 1972 मध्ये ॲरिझोनातले स्थानिक पुढारी म्हणाले, इथं हे जमायचं नाही. त्यावर त्यांचं उत्तर होतं, ‘सी, से प्वेदे’. होय, जमतं. ही घोषणा पुढं कितीतरी वर्षं सहकारी पुरुषाच्या नावावर सांगितली गेली. 2008 मध्ये बराक ओबामांच्या प्रचारात ती इंग्रजीतून देशभर गाजली. 2012 मध्ये हुएर्तांच्या गळ्यात स्वातंत्र्यपदक घालताना ओबामांनी ती त्यांच्याकडून घेतल्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं. चाळीस वर्षांनी का होईना, शब्द ज्याचे त्याला परत मिळाले.

नाशिक-सांगलीच्या वाचकांना हा संप परका वाटायला नको. डेलानोच्या बागांत जी बिनबियांची थॉम्पसन पिकायची, तीच आपल्याकडं रुजली. तिचं नाव उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका थॉम्पसनवरूनच पडलं आणि आपल्या तासगावची तास-ए-गणेश तिच्यातूनच निवडली गेली. विरळणी, खुडणी, पेटी भरणं. घडाची लव न पुसता तो देठाशी धरायचा, खराब मणी कात्रीच्या टोकानं काढायचे, आणि हे दिवसभर मान वर करून, हात खांद्याच्या वर ठेवून करायचं. ज्या बाईनं हे काम एक हंगाम केलंय तिला डेलानोच्या बाईचं काय दुखत होतं ते सांगावं लागणार नाही.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. हिस्पॅनिक वारशाला 1968च्या कायद्यानं लिंडन जॉन्सन यांच्या काळात एक आठवडा मिळाला होता. त्याचा महिना करणाऱ्या कायद्यावर रोनाल्ड रेगन यांनी 17 ऑगस्ट 1988ला सही केली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता. 14 सप्टेंबर 1988ला सॅन फ्रान्सिस्कोत उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या निधीसंकलनाच्या समारंभाबाहेर निदर्शनं होती. द्राक्षांवरच्या कीटकनाशकांविरुद्ध तेव्हा पुन्हा बहिष्कार चालू होता आणि बुश यांनी त्याला विरोध केला होता. हुएर्ता तिथं पत्रकं वाटत होत्या. वय 58. पोलिसांच्या दांड्यानं त्यांच्या बरगड्या मोडल्या, प्लीहा फाटली, तातडीनं शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. मारहाणीचं चित्रण झालं होतं. शहराला भरपाई द्यावी लागली, जमाव हाताळण्याचे पोलिसांचे नियमही बदलावे लागले. वारशाचा महिना ज्या वर्षी कायद्यात आला, त्याच वर्षी त्या वारशातली सगळ्यात मोठी बाई इस्पितळात पडली होती.

त्यांचा स्वतःचा दिवस यायला आणखी तीस वर्षं गेली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियानं 10 एप्रिल हा डोलोरेस हुएर्ता दिन ठरवला, राज्यपाल जेरी ब्राउन यांनी सही केली. कायद्यानं काय दिलं? शाळांनी त्या दिवशी मुलांना त्यांच्या कामाची ओळख करून द्यावी, असं प्रोत्साहन. त्याच संघटनेचे सहसंस्थापक सीझर चावेझ यांच्या जन्मदिवसाचा कायदा 2000 मध्ये झाला, तेव्हा राज्याच्या कर्मचाऱ्यांना पगारी सुट्टी दिली होती. संघटना दोघांनी मिळून काढली. त्याच्या दिवसाला पगार, तिच्या दिवसाला पाठ. समान वेतनाचं त्रैराशिक सरकारी कॅलेंडरपर्यंत पोचलं होतं, ते असं.

आणि दिवस देणारे हात काढूनही घेतात. 2010 मध्ये टेक्सासच्या शिक्षण मंडळानं तिसरीच्या अभ्यासक्रमातल्या चांगल्या नागरिकांच्या उदाहरणांतून हुएर्तांचं नाव वगळलं, कारण त्या समाजवादी. त्याच वर्षी ॲरिझोनानं टूसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचा विषय बंद पाडणारा कायदा केला. त्यामागचं एक निमित्त म्हणजे हुएर्तांनी 2006 मध्ये तिथल्या एका शाळेत केलेलं भाषण. रिपब्लिकनांच्या मनात लॅटिनोंचा द्वेष आहे, असं त्या मुलांपुढं बोलल्या होत्या. 2017 मध्ये संघीय न्यायाधीशानं निकाल दिला की त्या कायद्यामागं वांशिक द्वेषच होता. म्हणजे बाई खरं बोलली होती, हे अकरा वर्षांनी कोर्टात सिद्ध झालं. तोवर त्या विषयाविना किती मुलं शाळेतून बाहेर पडली, त्यांना कोण परत बोलावणार?

31 जानेवारी 2025ला अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं फर्मान काढलं की असल्या अस्मितेच्या महिन्यांवर खात्याचा वेळ आणि पैसा खर्च करायचा नाही. यादीत हिस्पॅनिक वारसा महिना होता, स्त्री-इतिहास महिनाही होता. लॅटिना सैनिकाचं नाव दोन्ही दारांतून बाहेर. फर्मान एका पानात मावलं.

आता एका शाळेच्या दारात चला. 1940च्या दशकातलं कॅलिफोर्नियातलं वेस्टमिन्स्टर. सोलेदाद विदॉरी नावाची बाई पोरांना घेऊन शाळेत नाव घालायला गेली. तिची स्वतःची मुलं गोरी, आडनाव फ्रेंच वळणाचं. बरोबर तिच्या भावाची मुलं, सावळी, आडनाव मेंदेझ. शाळेनं सांगितलं, तुझी मुलं घेतो, भावाची मेक्सिकनांच्या शाळेत घाल. सोलेदादनं सगळीच मुलं परत घरी आणली. स्वतःच्या मुलांना मिळालेला प्रवेश तिनं तिथंच सोडला.

त्यातून मेंदेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर हा खटला उभा राहिला. 1946 मध्ये जिल्हा न्यायालयात आणि 1947 मध्ये अपिलात जिंकला. पाठोपाठ कॅलिफोर्नियानं शाळांतल्या विभागणीचे कायदे रद्द केले. काळ्या मुलांसाठीचा प्रसिद्ध ब्राउन खटला यानंतर सात वर्षांनी, 1954 मध्ये लागला. गोन्झालो मेंदेझ वकील आणि साक्षीदार गोळा करत गावोगाव हिंडत होते, तेव्हा शेती कुणी सांभाळली? बायकोनं, फेलिसितासनं. प्वेर्तो रिकोची. ती जमीनही भाड्यानं घेतलेली, ज्या जपानी-अमेरिकन कुटुंबाला युद्धकाळात छावणीत कोंडलं होतं त्यांची. खटल्याचा खर्च निघाला तो या शेतातून. मुलगी सिल्व्हिया, जिला शाळेनं दारातून परत पाठवलं होतं, तिला 2011 मध्ये स्वातंत्र्यपदक मिळालं. फेलिसितास 1998 मध्ये गेली. पदक तिनं पाहिलं नाही. सोलेदादचं नाव तर आजही मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही, आणि माझ्या मते त्या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा निर्णय तिचा आहे. परक्यावरच्या अन्यायाबद्दल आपण पटकन बोलतो. आपल्या पोराला मिळालेली जागा सोडून बोलणारी माणसं मोजून असतात.

अमेरिकेच्या टांकसाळीनं 2022 ते 2025 या काळात पाव डॉलरच्या नाण्यांवर कर्तबगार स्त्रिया आणल्या. 2022 मध्ये नीना ओतेरो-वॉरेन, 2023 मध्ये होविता इदार, 2024 मध्ये गायिका सेलिया क्रुझ. इदारचं नाणं हातात घेऊन बघावं असं आहे. हात जुळवून उभी असलेली बाई, आणि तिचं सगळं शरीर अक्षरांनी भरलेलं. ज्या वृत्तपत्रांत तिनं लिहिलं त्यांची नावं, तिनं केलेल्या कामांची नावं. इतक्या बारीक जागेत एवढा मजकूर कोरणाऱ्या कारागिराला मी मानतो.

ती होतीच तशी. टेक्सासमधलं लारेडो. 1911 मध्ये मेक्सिकन बायकांच्या लीगची पहिली अध्यक्ष. 1914 मध्ये तिच्या वृत्तपत्रात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सीमेवर सैन्य पाठवल्याबद्दल टीका छापून आली. टेक्सास रेंजर्स छापखाना बंद करायला आले. होविता दारात उभी राहिली आणि हटली नाही. ते परत गेले. मग ती तिथं नसताना आले आणि छपाईयंत्र फोडलं. या दुसऱ्या फेरीशिवाय पहिलीची गोष्ट अर्धी राहते. दारात उभं राहून एक दिवस थोपवता येतो, यंत्र फोडणारे दुसऱ्या दिवशी येतात, आणि पुन्हा नव्यानं छापायला सुरुवात करावी लागते. तिनं ती केली.

नाणं 25 सेंटचं आहे आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या लॅटिनाला डॉलरमागं 42-43 सेंट कमी पडतात. सन्मान आणि थकबाकी यांच्यातलं अंतर मोजायला एवढं पुरे.

पाव डॉलर म्हटल्यावर एमा तेनायुका आठवते. सॅन अँटोनियो, 31 जानेवारी 1938. पेकान नावाचा अक्रोडासारखा मेवा फोडून गर काढायचं काम मेक्सिकन बायका करायच्या. कोंदट खोल्या, हवेत टरफलांची बारीक धूळ, पौंडामागं सहा-सात सेंट. त्यातही मालकांनी एकेक सेंट कापला. सुमारे बारा हजार कामगार बाहेर पडले आणि त्यांनी पुढारी म्हणून निवडली ती 21 वर्षांची एमा. अश्रुधूर झाला, धरपकड झाली, पाच आठवड्यांहून अधिक संप टिकला आणि मामला लवादाकडं गेला. त्याच वर्षी संघीय किमान वेतन लागू झालं, तासाला 25 सेंट. मालकांनी तेवढे देण्याऐवजी यंत्रं बसवली आणि हजारो बायकांचं काम गेलं. 1939 मध्ये एमाच्या सभेवर जमाव चालून आला. कम्युनिस्ट म्हणून तिला शहरात काम मिळेना, गाव सोडावं लागलं. पुष्कळ वर्षांनी ती परतली आणि शाळेत शिकवू लागली. आज तिचं नाव सॅन अँटोनियोत अभिमानानं घेतलं जातं. घ्यायलाच हवं. पण 1939 मध्ये तिला नोकरी नाकारणारे त्याच शहरातले होते, हेही त्याच भाषणात सांगायला हवं.

वारसा म्हणून काय सांगायचं, त्यापेक्षा काय गाळायचं यावरच अशा समारंभात जास्त मेहनत घेतली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. नाच, पाककृती, रंगीत झगे ठेवले जातात. ते सुंदर आहेतच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. संप, कोर्ट, मोडलेल्या बरगड्या गाळल्या जातात.

आणि गाळण्याची सवय जुनी आहे. 1935 मध्ये अमेरिकेत संघटनेचा हक्क देणारा कामगार कायदा झाला, त्यातून दोन प्रकारचे कामगार शब्दशः वगळले गेले. शेतमजूर आणि घरकामगार. 1938च्या किमान वेतनाच्या कायद्यातूनही शेतमजूर बाहेरच राहिले. दक्षिणेतल्या काळ्या मजुरांना बाहेर ठेवणं तिथल्या मतदारसंघांना हवं होतं, आणि त्याच फटीत मेक्सिकन बाईही सापडली. मोठ्या शेतांवर किमान वेतन 1966च्या दुरुस्तीनं आलं. जादा तासांचा दीडपट दर मात्र संघीय कायद्यानं शेतमजुराला आजही नाही. कॅलिफोर्नियानं तो आपल्यापुरता 2016च्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं दिला, लहान शेतांपर्यंत पोचायला 2025 उजाडलं.

उन्हाचंही तेच. शेतात सावली आणि पाणी द्यायलाच हवं, असा नियम कॅलिफोर्नियानं 2005 मध्ये केला. मे 2008 मध्ये स्टॉकटनजवळच्या द्राक्षबागेत 17 वर्षांची एक मजूर मुलगी दिवसभर उन्हात काम करून कोसळली. जवळ सावली नव्हती, पाणी लांब होतं. दोन दिवसांनी ती गेली. ती गरोदर होती. खटल्यात शिक्षा झाली ती समाजसेवेचे तास, दंड आणि प्रोबेशन एवढीच. ज्या स्टॉकटनमध्ये हुएर्तांनी उपाशी मुलांसाठी नोकरी सोडली, त्याच गावच्या वेशीवरची ही गोष्ट. 10 एप्रिलला शाळेत धडा घ्यायचाच असेल तर याचा घ्या.

सरकारी दिवसांच्या उलट वाटेनं आलेला एक दिवस आपल्याकडंही पाळतात. 25 नोव्हेंबर, स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिन. महाराष्ट्रात संस्था, महाविद्यालयं, पोलीस ठाणी त्या दिवसापासून पंधरवडा साजरा करतात. बॅनरवर तारीख असते, कारण नसतं. 25 नोव्हेंबर 1960ला डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबाल बहिणींना मारलं. तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून त्या परतत होत्या. बरोबरच्या चालकालाही मारलं आणि अपघात भासावा म्हणून गाडी दरीत ढकलली. 1981 मध्ये बोगोतात लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी बायका जमल्या आणि त्यांनी ही तारीख ठरवली. संयुक्त राष्ट्रांनी ती 1999 मध्ये मानली. अठरा वर्षं बायकांनी हा दिवस कुणाच्या परवानगीविना पाळला, म्हणून त्याला अजून धार आहे. या 25 नोव्हेंबरला तुमच्या कार्यक्रमात या तिघींची नावं घ्या. अर्धं मिनिट लागतं.

शेवटचं बोलणं कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांशी. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी मुलं किंवा म्हातारी माणसं सांभाळायला मेक्सिकोची, एल साल्वादोरची, ग्वातेमालाची बाई येते. तुमची दोघांची नोकरी तिच्या जिवावर चालते. घरकामगार बायकांनी वर्षानुवर्षं राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला, खेपा घालून एक कायदा मिळवला. 2012 मध्ये त्याच जेरी ब्राउन यांनी तो परत पाठवला, बायका पुन्हा गेल्या, सप्टेंबर 2013 मध्ये त्यांनी सही केली आणि 1 जानेवारी 2014 पासून तो लागू झाला. माणसं सांभाळणाऱ्या कामगाराला दिवसात नऊ तासांच्या पुढं किंवा आठवड्यात पंचेचाळीस तासांच्या पुढं काम केलं की दीडपट दर. ती स्वतःहून मागणार नाही, काम जाईल म्हणून घाबरेल. तुम्ही वही काढा, गेल्या वर्षाचे तास मोजा, आणि राहिले असतील तेवढे पैसे या महिन्याच्या पगारात घालून द्या.